गोदाम क्रमांक चार

बिल्ल्यावर माझं नाव अरबीत येतं
तेव्हा पहिलंच अक्षर बदलतं.
त्यांच्या लिपीत प नाही.
परकारचा होतो बारकार.
पहिल्या दिवशी मनात म्हटलं, बरं झालं,
परका होतो, आता बारकाही झालो,
कुठल्याही टेबलाच्या कोपऱ्यात मावेन.

जुबैलच्या या कारखान्यात
एका बाजूने समुद्र आत येतो,
दुसरीकडून गोडं पाणी शहरात जातं.
मीठ परत समुद्रात.
मी गोदामात. गॅस्केट, व्हॉल्व्ह, बोल्ट, रबरी हातमोजे.
देणं, घेणं, लिहून ठेवणं. अकरा वर्षं.

बारा ते एक कँटीन.
टेबलांवर पाट्या नाहीत, पण असतात.
खिडकीशी केरळ, कूलरजवळ नेपाळ,
फिलिपिनो पोरांचं टेबल सगळ्यात हसरं,
इजिप्शियन साहेब पार्टिशनच्या पलीकडे.
फोरमन गुलफराजने माझं नाव वाचलं
आणि खुर्ची मागे ओढली, मुश्ताकभाई, इधर.

बसलो. निहारी चांगली असते. माणसंही.
पण मी तोंड उघडलं की शेजारचा मान तिरकी करून ऐके,
आणि एकदा म्हणालाच,
यार, तू उर्दू भी मराठी में बोलता है.
सगळे हसले. मीही.
खोटं काय होतं त्यात?

मग एका शुक्रवारी मंडळात गेलो.
कोजागिरीचं दूध होतं, पंप विभागाचे आपटेसाहेब होते.
मी दोन वाक्यं बोललो असेन,
त्यांनी खांद्यावर हात ठेवला, अगदी मनापासून:
"वा! तुमचं मराठी किती छान आहे हो!"
दुधात जायफळ जरा जास्त झालं होतं.
मी म्हणालो, तुमचंही.

दाभोळला फोनवर यातलं काही सांगितलं नाही.
आई एवढंच विचारते, जेवलास मां?
कोणाबरोबर, ते विचारत नाही.

वर्षअखेरची मोजदाद, रात्रपाळी.
वेल्डिंगमधून मदतीला दिलेला बिनॉय कुरियन,
खिडकीच्या टेबलावरचा,
"इथे सही कर" यापलीकडे कधी बोललो नव्हतो आम्ही.
पगार रियालमध्ये, रजेचा अर्ज इंग्रजीत, भांडण हिंदीत,
पण मोजताना ओठ कुणाचं ऐकत नाहीत.
सत्त्याहत्तर, अठ्ठ्याहत्तर,
तेवढ्यात बाहेर फोर्कलिफ्टने हॉर्न मारला
आणि आकडा हरवला.
रॅकपलीकडून आवाज आला,
वर्गात हात वर केल्यासारखा:
एकोणऐंशी.

खोपोलीत वाढला. बाप कागदगिरणीत.
सातवीपर्यंत नगरपालिकेची शाळा,
एकोणतीसचा पाढा अजून घडाघडा.
खिडकीच्या टेबलावर त्याच्या मल्याळमला हसतात म्हणे,
ळ तेवढा चुकत नाही, बाकी सगळं चुकतं.
बायको कोट्टायमची. तीही हसते.

आम्ही वेगळं टेबल मांडलं नाही.
तो खिडकीशी बसतो, मी गुलफराजशेजारी.
दिवसा हिंदीतच बोलतो,
सवयीने की लाजेने, ठाऊक नाही.
महिन्यातून एकदा माल उतरतो तेव्हा मात्र
तो मुद्दाम इकडे येतो, माझ्या चुका काढायला.

परवा एक हातमोजा कमी भरला, डाव्या हाताचा.
तीनदा मोजलं, दोघांनी मिळून, मोठ्याने.
नवा हेल्पर तिलक थापा दारात उभा राहून ऐकत होता.
ये कौनसी भाषा है?
बिनॉयने माझ्याकडे पाहिलं, मी बिनॉयकडे.
स्टोअर की, मी म्हणालो.

त्याने ते खरं मानलं असावं.
फतकल मारून बसला, खोकं पुढ्यात ओढलं,
आणि आमच्याबरोबर सुरू झाला, एक,
दुई.
दोनवर आमचं जुळलं नाही.
तीनवर जुळलं.
हातमोजा अजून एक कमीच भरतोय.